दोन रात्री जिंकलो, तरी गुणतक्त्यात मागे

पत्र :

नमस्कार ताई,
मी मूळचा साताऱ्याचा, गेली 9 वर्षं लीड्समध्ये आहे. घराजवळच्या पबमध्ये दर मंगळवारी पोकरची लीग असते. 20 जण, प्रत्येकी 5 पाउंड, टेक्सस होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच), रीबाय नाही, म्हणजे चिप्स संपल्या की पुन्हा विकत घ्यायच्या नाहीत. प्रत्येकाला 10,000 चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची बाजी) 100-200 पासून सुरू आणि दर 15 मिनिटांनी वाढ. त्या रात्रीच्या पहिल्या तिघांना 50, 30 आणि 20 पाउंड मिळतात. शिवाय गुण असतात : सगळ्यात आधी बाहेर पडणाऱ्याला 1, त्यानंतरच्याला 2, असं चढत चढत पहिल्याला 20, वर पहिल्याला 5, दुसऱ्याला 3 आणि तिसऱ्याला 2 जादा. 16 मंगळवारांनी ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याचं नाव पबच्या भिंतीवरच्या ढालीवर कोरतात. मला ती ढाल हवी आहे.

6 मंगळवार झाले. मी दोनदा पहिला आलो, एकदा दुसरा, आणि उरलेल्या तीन रात्री अठरावा, एकोणिसावा, विसावा. एकूण 78 गुण, तक्त्यात सहावा. सगळ्यात वर साठीच्या एक बाई आहेत, 95 गुण. त्या एकदाही पहिल्या तिघांत आल्या नाहीत! मी पुस्तकात वाचलंय तसा खेळतो : लवकर चिप्स जमवा, छोटा फायदाही सोडू नका, जिंकायलाच बसा. ज्या तीन रात्री लवकर बाहेर पडलो त्या अशा : एकदा माझ्याकडे राण्यांची जोडी, समोर एक्का-राजा. एकदा फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) माझा फ्लशचा ड्रॉ होता, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना एक कमी, आणि समोरच्याच्या ऑल-इनला (त्यानं सगळ्या चिप्स लावल्या) मी कॉल केला, म्हणजे तेवढीच बाजी भरली. एकदा एक्का-राजा घेऊन एकाच्या ऑल-इनला कॉल केला, त्याच्याकडे दहांची जोडी निघाली. आता मीही बाईंसारखे पत्ते टाकत बसू का?

आणखी एक. माझा पुण्याचा एक मित्र याच लीगमध्ये आहे. आम्ही दोघंच डावात उरलो की शेवटपर्यंत नुसतं चेक करतो, म्हणजे बाजी लावतच नाही. त्यात काही गैर नाही ना?

ता. क. 16 पैकी सर्वांत चांगल्या 10 रात्रींचेच गुण धरतात. त्यानं विशेष फरक पडत नसावा. आणि मंगळवारी मुलीचा पोहण्याचा वर्ग असतो, तिला बायको एकटीच नेते, कारण मी एकही रात्र चुकवायची नाही असं ठरवलंय.
– न., लीड्स

उत्तर :

प्रिय न.,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पेन्सिलीनं खूण केली ती ताज्या कलमातल्या पहिल्या वाक्यावर. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. पण तिथे पोचण्याआधी उरलेलं अर्धं नीट समजून घेऊ, कारण दर मंगळवारी तुम्ही एकाच टेबलावर दोन वेगवेगळ्या स्पर्धा खेळताय आणि दोन्हींना एकच पुस्तक लावताय.

पैशांचा हिशोब करा. 6 रात्रींत तुम्ही 30 पाउंड भरले आणि 130 कमावले. बाईंनी 30 भरले, हाती काही नाही. रात्रीच्या स्पर्धेत तुम्ही त्यांच्या कितीतरी पुढे आहात, म्हणजे पुस्तकानं तुम्हाला फसवलेलं नाही. ते ज्या स्पर्धेसाठी लिहिलं होतं ती तुम्ही जिंकताच आहात. ढाल मात्र दुसऱ्या स्पर्धेची आहे.

ब्रिज खेळणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. रबर ब्रिजमध्ये (जिथे नुसती गुणांची बेरीज मोजतात) मुरलेला माणूस पहिल्यांदा मॅचपॉइंटच्या स्पर्धेत बसला की असाच गोंधळतो. तीन नो ट्रम्पची (हुकुमाविना नऊ हातांची) बोली पुरी झाली, एक जादा हात सोडून दिला, काय बिघडलं? रबरमध्ये खरंच काही बिघडत नाही, 30 गुणांची गोष्ट. मॅचपॉइंटमध्ये मात्र त्या 30 गुणांमुळे तेच पत्ते खेळलेल्या निम्म्या जोड्या तुमच्या वर जाऊन बसतात, कारण तिथे किती गुणांनी मागे टाकलं हे कोणी विचारत नाही, किती जोड्यांना मागे टाकलं एवढंच मोजतात. तुमच्या लीगचे गुणही जवळजवळ तसेच आहेत : जितक्या माणसांच्या नंतर बाहेर पडाल तितके गुण, आणि एक वर.

आता दोन्ही बक्षिसांचा चढ बघा. पैशांत पहिल्याला सगळ्या रकमेतला निम्मा वाटा. गुणांत एका रात्रीचे सगळ्यांचे मिळून 220 गुण होतात, त्यात पहिल्याचे 25, म्हणजे साधारण 11 टक्के. (तुमच्याकडे 20 च जण का, हेही सांगते. ब्रिटनमध्ये 2005 च्या जुगार कायद्याखालच्या नियमांनुसार पबमधल्या पोकरला माणशी 5 पाउंड आणि एका पबला एका दिवसाचे एकूण 100 पाउंड अशी मर्यादा आहे. 20 गुणिले 5. एकविसावा माणूस किंवा एकसुद्धा रीबाय त्यात बसत नाही. तुमचा आयोजक नियम पाळणारा दिसतो.)

चढ वेगळा असला की चिप्सची किंमत बदलते. हे मोजायची एक रीत आहे. 1973 साली डेव्हिड हार्व्हिल यांनी घोड्यांच्या शर्यतीतल्या क्रमांकांसाठी एक गणित मांडलं, आणि 1987 साली मेसन माल्मथ यांनी स्वतंत्रपणे तेच पोकरच्या चिप्ससाठी मांडलं. सगळ्यांचं कसब सारखं धरायचं आणि चिप्सच्या प्रमाणात क्रमांकांची शक्यता वाटायची. तुमच्यासारख्या लीगमध्ये त्याची एक सोपी पट्टी निघते : दोन खेळाडूंपैकी तुम्ही जास्त टिकण्याची शक्यता म्हणजे तुमच्या चिप्स भागिले दोघांच्या मिळून चिप्स. तुमच्याकडे दुप्पट असतील तर तीनात दोन वेळा.

ही पट्टी रात्रीच्या पहिल्याच डावाला लावू. काहीच केलं नाही तर 19 पैकी सरासरी साडेनऊ जणांना तुम्ही मागे टाकणार. ऑल-इन होऊन हरलात तर कोणालाच नाही, म्हणजे साडेनऊ गेले. जिंकलात तर एकाला बाहेर काढलं, आणि उरलेल्या 18 जणांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे 12, तुमच्या मागे राहतील. एकूण 13. कमाई साडेतीन. साडेतीन मिळवण्यासाठी साडेनऊ पणाला! पहिल्या तिघांचे जादा गुण धरून मी पुरा हिशोब केला, तर बरोबरीत सुटण्यासाठी डाव जिंकण्याची सुमारे 72 टक्के शक्यता लागते. तीच बाजी 50-30-20 पाउंडांच्या बक्षिसासाठी असती तर 52 टक्के पुरले असते.

राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा म्हणजे राण्यांना साधारण 57 टक्के. पैशांच्या स्पर्धेत तुमचा तो डाव बरोबर होता. निव्वळ गुणांच्या स्पर्धेत, जिथे प्रत्येक रात्र मोजली जाते, तोच डाव मोठा तोटा. पत्ते तेच, माणसं तीच.

आणि ही तफावत रात्रभर सारखी राहत नाही, याकडे मला तुमचं मुद्दाम लक्ष वेधायचं आहे, कारण इथे लोक चुकतात. दोन टेबलांचं एक टेबल झालं, 10 जण उरले आणि सगळ्यांकडे सारख्या चिप्स असल्या, तर गुणांसाठी 67 टक्के लागतात आणि पैशांसाठी 54. तिघंच उरले तर गुणांसाठी 58, पैशांसाठी 57, म्हणजे जवळपास एकच. दोघंच उरले की दोन्हीकडे निम्मं, तिथे फक्त चिप्स बघायच्या. तेव्हा शेवटच्या तिघांतला तुमचा खेळ बदलण्याची काहीच गरज नाही. तो उत्तम दिसतोय. बदल हवा तो पहिल्या तासात.

आता ताजं कलम.

1988 साली फॉर्म्युला वनमध्ये 16 शर्यती होत्या आणि त्यातल्या सर्वोत्तम 11 धरायच्या होत्या. आलँ प्रोस्टनं सगळ्या मिळून 105 गुण कमावले, आयर्टन सेन्नानं 94. तरी विजेता सेन्ना. कारण धरलेल्या शर्यतींत सेन्नाचे 90 भरले आणि प्रोस्टचे 87. प्रोस्ट सातदा पहिला आणि सातदा दुसरा आला होता, इतका सातत्याचा खेळ, आणि त्यातले 18 गुण नियमानं गळून पडले. सेन्ना आठदा जिंकला होता, त्याच्या वाईट शर्यती तेवढ्या गळल्या.

न., तुमच्या लीगमध्ये 16 पैकी 10 धरतात. तुम्ही सेन्नाच्या जागी आहात आणि भिंतीवरचा तक्ता मात्र प्रोस्टची बेरीज दाखवतोय.

तुमच्या तीन वाईट रात्रींचे मिळून 6 गुण आहेत. ते गळणारच आहेत असं समजा. उरलेल्या तीन रात्रींचे 72. पुढे 10 मंगळवार आहेत, त्यातले सर्वांत चांगले 7 यात मिळवायचे. बाई अशाच चौथ्या ते सातव्या क्रमांकावर येत राहिल्या, तर त्यांच्या सर्वोत्तम दहांत 17 आणि 16 चे आकडे असतील, बेरीज साधारण 165. तुम्हाला 165 ओलांडायला सात रात्रींत मिळून 94 हवेत, सरासरी साडेतेराच्या आसपास, म्हणजे सातवा-आठवा क्रमांक. दहापैकी सातच रात्री. ढाल तुमच्या आवाक्यात आहे, आणि ती मिळवायला स्वभाव बदलावा लागणार नाही. (तुमच्या नि बाईंच्या मधल्या चौघांचे रात्रवार आकडे तुम्ही पाठवले नाहीत, ते मिळवा आणि त्यांचाही असाच हिशोब मांडा. बाईंवर डोळा ठेवता ठेवता तिसराच पुढे निघून जायचा.) एक सावधगिरीही सांगते. 20 जणांत 6 पैकी 2 वेळा पहिलं येणं यात नशिबाचा भाग आहेच. उत्तम खेळाडूलाही हा वेग टिकत नाही. म्हणून वरच्या हिशोबात पुढच्या रात्रींमध्ये मी तुमचा एकही विजय गृहीत धरलेला नाही.

बाईंसारखं खेळू का, याचं उत्तर यातूनच येतं. त्यांच्या पद्धतीला एक छत आहे. दहा रात्री दहाही वेळा चौथ्या आल्या तरी 170. एकदा 17 आणि 16 नी दहा घरं भरली की आणखी एक चौथा क्रमांक त्यांना फार तर एखादा गुण देईल. पुढे सरकायला त्यांना जिंकावं लागेल, आणि जिंकायची सवय त्यांनी लावून घेतलेली नाही. तुम्हाला आहे. ती मोडू नका.

पण मग पहिल्या तासात किती जोखीम घ्यायची? इथे एक आकडा सतत जवळ ठेवा : तुमची दहावी रात्र. म्हणजे तुमच्या धरल्या जाणाऱ्या दहा रात्रींपैकी सर्वांत कमी गुणांची. त्याच्याखालचा प्रत्येक क्रमांक तुम्हाला सारखाच, विसावा काय नि तेरावा काय. मधल्या फळीच्या खेळाडूची ती रात्र हंगामाअखेर बाराव्या क्रमांकाच्या जवळपास असते, 9 गुणांची. ती धरून पहिल्या डावाचा हिशोब पुन्हा केला तर 72 ऐवजी 59 टक्के पुरतात. आता तुमचे तीन डाव परत तपासा. राण्या विरुद्ध एक्का-राजा, 57 : ब्लाइंडमध्ये आधीच पडलेल्या चिप्स धरल्या तर काठावरचा डाव, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. फ्लशचा ड्रॉ, अजून दोन पानं यायची : 35 टक्के. एक्का-राजा विरुद्ध दहांची जोडी : पंचेचाळीसच्या आसपास. हे दोन कॉल तुमच्या लीगमध्ये बसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर फ्लशच्या ड्रॉवरचा कॉल पैशांच्या स्पर्धेतही सहसा बसत नाही.

दोन्ही वेळी तुम्ही दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल केलात, हे लक्षात घ्या. स्वतः ऑल-इन करणाऱ्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात : समोरचा पत्ते टाकेल, किंवा कॉल करेल आणि हरेल. कॉल करणाऱ्याकडे एकच. गुणांच्या लीगमध्ये हा फरक आणखी मोठा होतो, कारण ऑल-इनची वेळ आली की टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक जण आपले गुण सांभाळून बसलेला असतो आणि पत्ते टाकायला एका पायावर तयार असतो. तेव्हा धाडस करायचं तर पुढाकार घेऊन करा. दुसऱ्यानं आधीच ऑल-इन म्हटल्यावर करायच्या धाडसाला वरचे टक्के लावून बघा.

तसंच, कोणाशी भिडताय ते बघा. समोरच्याकडे तुमच्यापेक्षा कमी चिप्स असतील तर तो डाव हरूनही तुमची रात्र संपत नाही. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याच्याशी पहिल्या तासात मोठे डाव टाळा. मी 3 हंगाम एका पबच्या लीगचे गुण मांडायला बसत होते. वहीत डावीकडे कोण बाहेर गेलं आणि उजवीकडे कोणी काढलं असं लिहायची, आणि उजवीकडे पहिल्या तासात त्याच त्या दोन-तीन नावांची रांग लागायची. ती फार हुशार माणसं नव्हती. त्या रात्री त्यांच्याकडे चिप्स जास्त होत्या, आणि लोक त्यांच्यावर जाऊन आदळत होते.

पबमधल्या पहिल्या तासाचा आणखी एक गुणधर्म : बाजी ऑल-इनपेक्षा छोटी असली की कोणीही कशावरही फ्लॉप बघायला येतो आणि जोडी लागली की शेवटपर्यंत कॉल करतो. अशा माणसासमोर ब्लफ वाया जातो. त्याऐवजी हातात खरंच काही असेल तेव्हा पुस्तकात सांगतात त्याहून मोठी बाजी लावा, तो येणारच आहे. पहिल्या तासात एवढंच केलंत तरी चिप्स हळूहळू वाढतात, तेही सगळं पणाला न लावता.

दीड-दोन तासांनी चित्र पालटतं. 10 जण उरले की एकूण 2 लाख चिप्सपैकी माणशी 20,000 येतात, आणि ब्लाइंड तोवर 1,000-2,000 वर गेले असतील तर सरासरी खेळाडूकडे फक्त 10 बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठीच्या दहापट चिप्स) उरतात. इथे नुसतं थांबून राहणारा झिजत जातो. तुमच्या आधी कोणीच रेझ केलेलं (बाजी वाढवलेली) नसेल आणि तुम्ही डीलरच्या जवळ बसलेले असाल, तर सरळ ऑल-इन, नाहीतर पत्ते टाकून द्या. मधलं काही नको. बाई बिग ब्लाइंडवर असतील तेव्हा तर जरूर करा, त्या चांगल्या पत्त्यांशिवाय उभ्या राहणार नाहीत. आणि त्यांनी स्वतः रेझ केलं की तुमचे बरे पत्तेसुद्धा टाका. चौघं उरल्यावर मात्र थोडं थांबून टेबल बघा. चौथ्याला 17 गुण आणि शून्य पाउंड, तिसऱ्याला 20 गुण आणि 20 पाउंड : दोन्ही स्पर्धा तिथे एकच गोष्ट सांगतात. तुमच्यापेक्षा कमी चिप्सवाला कोणी असेल तर आधी त्याला जाऊ द्या, आणि तुमच्याकडे सर्वांत जास्त असतील तर मधल्या दोघांना दाबा.

हंगामाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ती दहावी रात्र वर सरकते आणि खेळही सैल सोडता येतो. समजा पंधराव्या मंगळवारी तुमचा दहावा आकडा 14 झाला. आता सातव्यापासून विसाव्यापर्यंत सगळे क्रमांक तुमच्यासाठी शून्य. पहिला आलात तर 11 ची भर, दुसरा आलात तर 8, तिसरा 6, मग 3, 2, 1. हा चढ पैशांच्या स्पर्धेसारखाच झाला की! पहिल्या डावासाठी लागणारे टक्के तेव्हा 54 वर येतात. तिथे तुमचं जुनं पुस्तक पुन्हा उघडा आणि राण्या घेऊन बिनधास्त जा. मात्र पुढे असाल आणि मागच्याला गाठायला फक्त विजयच उपयोगी पडणार असेल, तर त्याच्याशी मोठे डाव टाळणं एवढंच तुमचं काम.

मित्राबद्दल. हे मी नीट आणि स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही मनापासून विचारलंय. ठरवून एकमेकांवर बाजी न लावणं ही फसवणूक आहे. पोकर टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांत अशा मऊ खेळाला दंड आहे, आणि ज्या कायद्यामुळे तुमचा पब ही लीग चालवू शकतो त्याच 2005 च्या कायद्याचं कलम 42 जुगारातल्या फसवणुकीला गुन्हा मानतं. पण कायदा बाजूला ठेवा. तुम्ही मित्राला वाचवलं की तो एखादी जागा वर टिकतो, आणि गुणांच्या लीगमध्ये ती जागा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून गेलेली असते. कदाचित त्या बाईंच्या. त्यांना ते कळतही नाही. तिसरा माणूस ऑल-इन असताना उरलेल्या दोघांनी आपापल्या विचारानं चेक करणं वेगळं, तो खेळाचा भाग आहे. ते बोलून किंवा आधी ठरवून केलं की वेगळं.

पुढच्या मंगळवारच्या आत मित्राशी बोला. म्हणा, आजपासून तुझ्यावर रेझ करणार, तूही कर. आणि हंगामाच्या शेवटी दोघांपैकी एकाची आशा संपलेली असेल तेव्हा ‘माझं तर गेलंच, तुला चिप्स देतो’ हा विचार मनात येईल, त्याचाही निकाल आत्ताच लावून टाका. ढालीवर नाव कोरलं गेलं तर ते वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार आहे. ते बघताना तुम्हाला आनंद व्हायला हवा.

राहिला पोहण्याचा वर्ग. एकही रात्र न चुकवण्याचा हट्ट तुमच्या लीगच्या नियमाला धरून नाही. 10 मंगळवारांतून 7 चांगल्या रात्री निवडणं आणि 8 मंगळवारांतून 7 निवडणं यात फरक आहे, तो मी नाकारत नाही, म्हणून चार-पाच रात्री सोडा असं म्हणणार नाही. पण दोन सोडल्या तर ढाल हातची जात नाही. आणि त्या दोन रात्री शेवटच्या तीन मंगळवारांतल्या नकोत, कारण तेव्हा कोणाला किती गुण लागतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि तुम्ही तिथे असायला हवं. पुढच्या चार-पाच आठवड्यांतल्या निवडा. पत्नीला आधी तारखा विचारा, मग आयोजकाला कळवा.

तेराव्या मंगळवारनंतर मला पुन्हा लिहा. तुमच्या आणि वरच्या पाच जणांच्या सगळ्या रात्रींचे आकडे, रात्रवार, एका कागदावर. बेरीज करू नका, ती मी बघणार नाही. प्रत्येकाच्या आकड्यांना उतरता क्रम लावून दहाव्याखाली रेघ मारून पाठवा.

तुमची,
ताई